मिस विल्माच्या नळीची भोकं

मिस विल्मा हार्गिस सप्टेंबरात माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्याच्या शस्त्रक्रियेला पाच महिने झाले होते. वय सहासष्ट. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या गावात शाळेची बस चालवली. आम्ही निम्मे लोक त्या बसमध्येच मोठे झालो, म्हणून लग्न झालेलं असूनही त्या आमच्यासाठी मिस विल्माच, नुसतं विल्मा कुणी म्हणत नाही. अपवाद त्यांच्या दिराचा, डॉइलचा. रे नावाचा त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून बदकांच्या शिकारीला त्या डॉइलबरोबर जात.

त्यांनी बारा बोअरची जुनी बंदूक टेबलावर ठेवली आणि अडचण सांगितली. पहिला बार बरोबर जायचा, पण धक्क्यानं नळी वर उडायची आणि दुखऱ्या खांद्यानं ती वेळेत खाली येत नव्हती. दुसऱ्या बाराच्या वेळी नळी आभाळाकडे बघत असते, म्हणाल्या. कुणीतरी त्यांना नळीला भोकं पाडून घ्यायला सांगितलं होतं.

मी त्यांना समजावलं. नळीच्या तोंडाजवळ वरच्या अंगाला दोन ओळींत बारीक भोकं पाडायची. बार उडाला की थोडा वायू त्यातून वर निसटतो आणि नळीचं तोंड खाली दाबून धरतो. खांद्याला बसणारा दणका फारसा कमी होत नाही, पण नळी जागेवर राहते. भोकांत काजळी साचते, चिखलपाण्यात गंज धरतो, म्हणून दरवेळी ती कोरून साफ करावी लागतात. आणि एकदा पाडलेली भोकं बुजवता येत नाहीत. हे सगळं मी नीट सांगितलं. आवाजाबद्दल मात्र एवढंच म्हणालो की तो थोडा वाढतो.

तो 'थोडा' मला नंतर फार जड गेला.

मी प्रत्येक बाजूला बारा भोकं पाडली, आतून घासून गुळगुळीत केली आणि दुकानामागच्या मोकळ्या शेतात त्यांच्या हाती बंदूक दिली. त्यांनी कागदावर लागोपाठ दोन बार मारले. छर्ऱ्यांचे दोन्ही पुंजके जवळजवळ एकावर एक पडले. त्यांनी कागद उतरवला, घडी केली आणि खिशात घातला. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

नोव्हेंबरच्या शेवटी हंगाम सुरू झाला. हार्गिसांची शिकारीची जागा म्हणजे पाणी भरलेल्या भातखाचराच्या बांधात लपण्यासाठी पुरलेली लोखंडी पेटी. चार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढी, वर पेंढ्याचं झाकण. पहिल्याच शनिवारी मिस विल्मांनी दोन बारांत हिरव्या डोक्याची दोन नर बदकं पाडली. ही बातमी कॅफेत माझ्याआधी पोचली होती.

डिसेंबरात डॉइल पाण्यात घालायच्या बुटांना ठिगळ लावायचा डिंक न्यायला आला. मी हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. खांद्याला हात लावल्यावर वळला. शिकार कशी चालली आहे विचारलं, तर म्हणाला, गुडघा धरतो म्हणून दोन आठवडे गेलोच नाही. चालताना तर तो मुळीच लंगडत नव्हता. मी तसं म्हणालो, तेव्हा त्यानं दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

"उजव्या कानात दिवसभर शिट्टी वाजते," तो म्हणाला. "विल्मा माझ्या उजवीकडे उभी असते. त्या भोकांतून जो दणका येतो ना, तो कुणी कानफटात मारल्यासारखा लागतो. तिला मात्र काही कळत नाही, कारण ती नळीच्या मागे असते."

मी कानाला टोपणं लावायला सांगितलं. लावून पाहिली, म्हणाला, पण मग बदकांच्या पंखांचा आवाज येत नाही, आणि तो ऐकायचा नसेल तर तिथे जायचं कशाला. वर मला बजावलं, "तिला सांगू नकोस. रे गेल्यापासून ती पहिल्यांदा खुशीत आहे."

शनिवारी मी मिस विल्मांना, मीही येतो, असं म्हणालो. डॉइलची कुत्री मेबल त्यांनी बरोबर घेतली होती. मी मुद्दाम डॉइलच्या जागी उभा राहिलो, कानात काही न घालता. उजाडायच्या सुमाराला सहा बदकं पाण्यावर उतरायला लागली आणि मिस विल्मांनी बार काढला. भोकांतून ज्वाळेचा पंखा वर उठला आणि लोखंडी पेटीत तो आवाज असा कोंडला की माझ्या दातांपर्यंत पोचला. दुसऱ्या बारानंतर पाण्यावर एक बदक तरंगत होतं. मिस विल्मांनी ते आणायला मेबलला सोडलं. ती गेली नाही. पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि कान मागे पाडून त्यांच्याकडे बघत राहिली. सात वर्षांत ती कुत्री एकदाही अशी वागली नव्हती.

मिस विल्मांनी बंदूक रिकामी केली. "डॉइलचा गुडघा बरा आहे, हो ना?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. माझ्या त्या 'थोडा'सकट.

मिस विल्मा चिडल्या, पण आवाजावरून नाही. "एकतीस वर्षं माझ्या पाठीमागे पन्नास-पन्नास पोरं बसायची," त्या म्हणाल्या. "कुणाला ओकारी येते, कोण रडतंय, सगळं मला आरशात दिसायचं. आणि तुम्ही दोघं मोठी माणसं ठरवता की हे विल्माला सांगायचं नाही. मी काय काचेची आहे?"

बदक त्यांनी स्वतः पाण्यात उतरून आणलं आणि तिथूनच चिखलाच्या बुटांनी डॉइलच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी डॉइलनं फोन करून मला शिव्या घातल्या आणि शेवटी आभार मानले.

त्याच मॉडेलची बिनभोकांची नळी मी शोधून दिली, फुकट. काडतुसंही हलकी भरलेली सुचवली. आता मिस विल्मांचा दुसरा बार पुष्कळदा चुकतो आणि डॉइल त्यावरून त्यांना चिडवतो. त्याच्या कानातली शिट्टी कमी झाली, गेली मात्र नाही. नाताळानंतर त्यानं श्रवणयंत्र घेतलं. मेबलला पुन्हा पाण्यात उतरवायला फेब्रुवारी उजाडला, तेही चिकनच्या तुकड्यांवर.

भोकांची नळी वाया गेली नाही. सप्टेंबरात पारव्यांच्या शिकारीला लोक कापणी झालेल्या मोकळ्या शेतात एकमेकांपासून पन्नास-साठ पावलांवर बसतात. तिथे मिस विल्मा तीच नळी लावतात, स्वतःच्या कानाला टोपणं घालतात, आणि दुसऱ्या बाराला सहसा चुकत नाहीत.

मी अजूनही मागेल त्याला भोकं पाडून देतो. फक्त आधी गिऱ्हाइकाला दुकानामागे नेतो, टोपणं देतो, माझ्या शेजारी उभं करतो आणि भोकांच्या नळीनं एक बार काढतो. मग विचारतो, तुमच्या बाजूला कोण उभं असतं. बरेच जण बंदूक तशीच परत घेऊन जातात.