चुलीतलं जळण, चावडीवरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी भट्टी आहे. धामणगाव बढ्यात विजेचे खांब यायचे होते, तेव्हाची. भाजीपाला पिकवणाऱ्या इंद्रभानने डांबराची दोन रिकामी पिंपे एकावर एक जोडली, आतून विटामातीने लिंपली आणि मला घडवले. कपाशीच्या वाळल्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, कमी हवेत धुमसली की जळणारा वायू निघतो, असे त्याने कुठेसे ऐकले होते. तो आपल्या ऑइल इंजिनाला चालेल का, या विचाराने त्याला चैन पडेना.

चालला! थोडे डिझेल आणि बराचसा माझा वायू पिऊन इंजिन धडधडले, डायनामो फिरला, चावडीवर बल्ब लागला. सारे बल्बाकडे पाहत होते. इंद्रभान तेवढा इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होता.

पण माझी भूक मोठी. शिवारातली पऱ्हाटी भराभर संपू लागली. एक दिवस शेजारच्या मंजुळाबाई बायकांना घेऊन आल्या.

"काऊन रे इंद्रभान, आमच्या चुलीतलं जळण ह्या पिंपात घालून राह्यला? सैपाक कायच्यावर करू?"

इंद्रभानने मला विझवले. चावडी अंधारली आणि लोक मंजुळाबाईंनाच बोल लावू लागले. ते मला फार लागले.

दोन-चार दिवसांनी मंजुळाबाईच टोपलीभर भुईमुगाची टरफले घेऊन आल्या. "तेलगिरणीमागं ढीग पडून हाये. चुलीत भपकन जळतात, कोणालेच नाही पाहिजे. पाह्य बरं घालून."

घातली. माझ्या पोटात ती अडकून बसली, मध्ये पोकळी झाली, बल्ब मिणमिणून गेला.

"काकू, हे नाही जमत," इंद्रभान म्हणाला.

"असं काऊन होत असन बे?" त्या आत डोकावल्या. आता त्यांनाही चैन पडेना. "जराशा शेणात कालवून गोळे करून पाहू."

वाळलेले गोळे एकेक करून खाली सरकले, सावकाश धुमसले. बल्ब स्थिर झाला. "लागला वं माय!" मंजुळाबाई ओरडल्या.

पुढे गावात तारा आल्या आणि मी गोठ्यामागे गेले. मला पुन्हा पेटवा, असे मी म्हणत नाही. माझे झाकण तेवढे नीट बसवा, आत पाणी जाते. आणि मित्रांनो, नवा दिवा लावाल तेव्हा त्याचे जळण कुणाच्या चुलीपुढून उचलले, हे आधी विचारा.