रुख्माबाईकडची खोली

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी देवाजी हेडाऊला वाटलं, बायको आपल्याला घरी न्यायला आलीय. अनुसया उमरेडहून सकाळच्या बसने त्याचे धुतलेले कपडे घेऊन आली होती. पण पिशवी खाटेवर ठेवून ती उभीच राहिली.

"आत्ता घरी येऊ नका," ती म्हणाली. "आपल्या गल्लीत तुमचे सारे सोबती सांजेले पिऊनच राह्यतात. नागपुरातच कुठं खोली पाहा, मागावर विणायचं काम धरा. पोरीले मी पाहीन."

देवाजीला राग आला, पण तिचं खरं होतं. याआधी दोनदा त्याची दारू सुटली होती आणि दोन्ही वेळा त्याच गल्लीत पुन्हा लागली होती.

वॉर्डात दर रविवारी मनोहरराव यायचे. रेल्वेतले निवृत्त गार्ड, एके काळी दारू सोडण्यासाठी याच वॉर्डात उपचार घेतलेले. रोग्यांजवळ बसून ते गप्पा करत. ते राहायचे सक्करदऱ्याला, रुख्माबाई नावाच्या घरमालकिणीकडे. तिथे सध्या जागा नाही, पण अडलंच तर ये, असं त्यांनी देवाजीला सांगून ठेवलं होतं.

इतवारीत गुलाबचंद नावाच्या घरमालकाने माडीवरची खोली दाखवली. कुठून आलात, असं विचारल्यावर देवाजीने खरं ते सांगितलं. गुलाबचंदला लगेच आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवायची आहे. दुसऱ्या ठिकाणी कोणी काही विचारलं नाही. देवाजीने वळकटी सोडली, खिडकी उघडली, तर खालून मोहाच्या दारूचा वास आला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. स्वतःचीच भीती वाटून त्याने वळकटी तशीच गुंडाळली आणि जिना उतरून थेट सक्करदऱ्याचा रस्ता धरला.

नशिबाने तिथला एक जण बरा होऊन आपल्या बायकामुलांत परत गेला होता. त्याची खाट रिकामी होती.

रुख्माबाईंचा नवरा दारूपायी गेला होता. घरामागच्या खोल्या त्या दारू सोडलेल्या माणसांनाच देत. संध्याकाळचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, आणि जो पिईल त्याने बरं होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. देवाजीला जवळच एका कोष्ट्याकडे मागावर काम मिळालं. आधी त्याच्या हाताला कंप होता, तुटलेला धागा सांधता येत नसे. हळूहळू बोटं ताळ्यावर आली. सगळ्यात वाईट वेळ काम सुटल्यावरची. तेव्हा मनोहरराव त्याला गाठत, आणि दोघं तलावाकडे फिरायला जात.

उन्हाळ्यात मनोहररावांच्या मुलीचं लग्न झालं. बापाला बोलावणं नव्हतं. लग्नाच्या दिवशी दुपारी देवाजी जेवायला आला, तर मनोहरराव अंगणातल्या नळाजवळ बसलेले, डोळे लाल, धोतर चिखलाने भरलेलं. इतकी वर्षं सोडलेला माणूस पुन्हा पितो, तर आपली काय कथा?

रुख्माबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"त्याले आत घेता येत नाही, देवाजी. पण सोडताही येत नाही. दवाखान्यात ने. बरा झाला की इथंच आण. खाट त्याचीच राहीन."

देवाजीने सायकलरिक्षा आणली. वाटेत मनोहररावांनी मान वर केली नाही. दवाखाना दिसला तेव्हा ते पुटपुटले, "तू काहून आला? तुले तोंड दाखवायची लाज वाटून राहिली."

"मलेही वाटत होती," देवाजी म्हणाला. "तुम्ही माझ्या खाटेपाशी बसत होते, तेव्हा मी कुठं वर पाहत होतो?"

त्याने त्यांना धरून पायऱ्या चढवल्या. संध्याकाळी काम सुटल्यावर तो घरी न जाता वॉर्डात गेला, दुसऱ्या दिवशीही गेला. त्या दिवसांत दारूची आठवण झालीच नाही असं नाही. पण मनोहरराव वाट पाहत असतील, हे पक्कं होतं.

पावसाळा सरता सरता मनोहरराव परत आले, वाळलेले, गप्प. रुख्माबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि भाजी तिखट झाली का, एवढंच विचारलं.

त्यानंतर अनुसया मुलीला घेऊन आली. मागावर बसलेल्या नवऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. संध्याकाळी रुख्माबाईंच्या अंगणातून निघताना म्हणाली, "आता चला घरी."

त्याने याच शब्दांची वाट पाहिली होती. तरी तो म्हणाला, "दिवाळीले येतो. मनोहरराव अजून संध्याकाळी एकटे राहू शकत नाहीत. अन् खरं सांगू, मीही नाही."

अनुसयाने मान डोलावली. मग पदर खोचून ती रुख्माबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. शेवटची बस गेली तरी चालेल, मुक्काम करू, असं तिने आतूनच सांगितलं.