धाकटीच्या दुधातली पूड

मित्रांनो, या बरणीच्या तळाशी उरलेली जुनी, करडी पूड म्हणजे मी, अश्वगंधा. माझ्या ओल्या मुळांना घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून हे नाव पडलं. माझी फळं लाल झाली आणि माणसांनी मला मुळासकट उपटलं. फळं फेकली, मुळं तोडली, उन्हात वाळवली, कांडली, चाळली. दुखतं का, असं कुणी विचारलं नाही.

मला विकत घेतलं एका थोरल्या जावेनं. तिच्या घराच्या मागच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवले जात. कापड बेतायची थोरली, मशीन चालवायची धाकटी जाऊ. धाकटी दमली, की थोरली मला गरम दुधात ढवळून पेला मशीनपाशीच नेऊन ठेवी, म्हणजे तिला उठायला नको. "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं," शेजारणी म्हणत. मीही फुशारून जाई.

शाळा उघडायला आल्या, तेव्हा धाकटी म्हणाली, "जाऊबाई, जरा पडू का? डावा हात जड झालाय. छातीवर दडपण आल्यासारखं होतंय."

"आधी दूध घे. आज दोन चमचे घालते," थोरली म्हणाली. "एवढी बाही होऊ दे, मग पड."

बाही झाली, मग कॉलर आली. मित्रांनो, मी शीण थोडाफार हलका करत असेन, पण बंद पडत चाललेलं काळीज मला धरून ठेवता येत नाही. हे मी ओरडून सांगितलं असतं, पण मी पेल्याच्या तळाशी होते.

दुपारी धाकटीचं डोकं मशीनवर टेकलं, ते पुन्हा वर आलं नाही. थोरलीनं आधी तिच्या गालाखालचं कापड ओढून घेतलं, डाग पडायला नको म्हणून. मग हाका मारल्या.

भेटायला आलेल्यांना ती डोळे पुसत सांगे, "काही कमी केलं नाही हो मी. रोज स्वतःच्या हातानं दूध द्यायचे." लोक माना डोलावत.

राहिलेले गणवेश शिवायला आता थोरलीची लेक बसते. काल ती म्हणाली, "आई, पाठ भरून आलीय गं." मी बरणीत तयारच होते. थोरलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग ऊठ ना, राहू दे ते," ती म्हणाली. "जा, जरा पड."

थकव्यावरचं औषध तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, मित्रांनो. तुम्हालाही आहे. दमलेल्या माणसाला आधी पाठ टेकू द्या, मग माझी बरणी उघडा.