मनकर्णाबाईची परवानगी

डॉ. देवश्री मेंदूची सर्जन. तिचे शोधनिबंध बरेच छापून आले होते. मेंदूतल्या गाठींवर, अर्धशिशीवर, गोळ्या खाऊन खाऊनच जडणाऱ्या डोकेदुखीवर. एकातही तिचं नाव पहिलं नव्हतं. पहिलं विभागप्रमुख बापूसाहेबांचं, दुसरं त्यांच्या चिरंजीवाचं, तिसरं तिचं. चिरंजीव स्वानंद कातडीचा डॉक्टर. त्याचा मेंदूशी संबंध काय, हे अमरावतीच्या मेडिकल कॉलेजात कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याचं तिसरं नावही जातं. याला कॉलेजात मोठ्यांचा मान म्हणतात. ही चोरी आहे.

अकोल्याला सहयोगी प्राध्यापकाची जागा निघाली. तिथं पहिल्या नावाचा निबंध हवा होता. देवश्रीचा नवा निबंध तयार होता आणि तो आजवरचा सगळ्यात चांगला होता. उन्हाळ्यात वऱ्हाडात बाईचं डोकं दुखलं की घरदार एकच निदान करतं, ऊन लागलं. पन्हं पाजा, फडकं आवळून बांधा. डॉक्टरही तेच सांगतात. देवश्रीचं म्हणणं होतं, आधी विचारा, दिवस निघायच्या आत दुखतं का? ऊन काही पहाटे झोपेतून उठवत नाही. गाठ उठवू शकते.

नांदगाव खंडेश्वरच्या मनकर्णाबाईची गाठ अशीच सापडली, देवश्रीनंच काढली. तिच्या डोक्याचे फोटो निबंधात होते, म्हणून तिची परवानगी हवी होती. देवश्रीनं तिला सगळं वाचून दाखवलं, नावांसकट.

"हे बापूसाहेब कोन?"

"आमचे मोठे साहेब."

"मले तं कधी दिसले नाई. अन् हे स्वानंद?"

"त्यांचा मुलगा. तो कातडी पाहतो, मावशी."

मनकर्णाबाईनं नव्यानं उगवलेल्या आखूड केसांवरून हात फिरवला. "माहं नाव कोठी हाये?"

"पेशंटचं नाव छापत नाहीत. नियम आहे."

"म्हंजे जिचं डोकं फोडलं तिचं नाव नाई, अन् ज्यानं पाह्यलंबी नाई त्याचं पयलं. बढिया हाये तुमचं."

सोबत आलेली सून चंदा म्हणाली, "आत्याबाई, करून टाका न सही. बस जाईन."

"जाऊ दे. म्याडम, तुमाले पायजे तं फोटो देतो. या बापलेकाले देत नाई."

"मावशी, असंच चालतं इथं."

"चालत असन. मी बी दोन उन्हाळे पन्हंच पेत होतो. चालतच होतं थे."

देवश्रीनं पेन काढलं. तिनं दोन्ही नावं खोडली, तेव्हा मनकर्णाबाईनं सही केली.

बापूसाहेबांनी निबंध चाळला. "नावं राहिली वाटतं."

"काढली, सर. पेशंटनं परवानगी दिली नाही."

"नांदगावची एक बाई ठरवणार, कोणाचं नाव घ्यायचं?"

"डोकं तिचं आहे, सर."

बापूसाहेब हसले. "अकोल्याच्या समितीवर पंजाबराव आहे. माझा वर्गमित्र. माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तिनं निबंध उचलला. बाहेर येऊन तिनं तो नियतकालिकाला पाठवून दिला.

मुलाखतीपर्यंत तो स्वीकारला गेला होता. अकोल्यात पंजाबरावांनी तो उघडला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"यात बापूसाहेबांचं नाव दिसत नाही."

"त्यांनी पेशंट तपासला नव्हता."

पंजाबराव वाचत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "माझी बायको दर उन्हाळ्यात डोक्याला फडकं बांधते. कधी दुखतं, मी विचारलंच नाही कधी."

"मग आता विचारा."

त्यांनी खरंच फोन लावला. सवयीनं स्पीकरवरच.

"विमल, तुझं डोकं दिवस निघायच्या आधी दुखते का नंतर?"

"आज काहून विचारून राहिले? नंतर. तुमी उठले का दुखते, अन् तुमी हापिसात गेले का थांबते."

समितीतले दोघं खोकल्याचं निमित्त करून हसले. पंजाबरावांचे कान लाल झाले. फोन ठेवून त्यांनी देवश्रीकडं पाहिलं.

"म्हणजे गाठ नाही?"

"वाटत तरी नाही. पण घेऊन या त्यांना, नीट तपासते."

"अमरावतीला नाही आणत," पंजाबरावांनी इतर दोघांकडं पाहिलं. दोघांनी मान हलवली. "इथंच आणतो. तुम्ही रुजू कधी होता?"