झोपाळ्यावर पडणारा थेंब

गजानन तिरोडकरांच्या गिझरला बुडाशी पितळेचा एक सेफ्टी व्हॉल्व्ह होता. पाणी तापून टाकीत दाब वाढला की त्यातून थेंब गळायचा, नळीतून भिंतीबाहेर जायचा आणि खालच्या क्वार्टरमधल्या देसाईसाहेबांच्या टकलावर पडायचा. व्हॉल्व्हचा दोष नव्हता. तो नेमलेलं काम करत होता, आणि सिल्वासाच्या सरकारी वसाहतीत नेमलेलं काम करणाऱ्याचं जे होतं तेच त्याचंही झालं.

देसाईसाहेब रोज सकाळी मागच्या अंगणात झोपाळ्यावर बसून चहा घेत. झोपाळा झुलता असल्यामुळे प्रत्येक थेंब लागत नसे. काही बशीत पडत. एका सकाळी त्यांनी वर पाहून हाक मारली, "तिरोडकर! तमारुं गिझर मारा माथा पर अभिषेक करे छे!"

ते हसत होते. साहेब हसून बोलले की तिरोडकरांना रात्री झोप लागत नसे. त्यांची डेप्युटेशनची मुदत जानेवारीत संपत होती. मुदतवाढीच्या फायलीवर देसाईसाहेबांची सही व्हायची होती, आणि त्यांच्या मुलीची, शीतलची, बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. सही झाली नाही तर ऐन परीक्षेच्या तोंडावर क्वार्टर सोडून मुंबईला, मेहुण्याच्या दीड खोलीत जायचं. त्या दीड खोलीत मेहुण्याचीही तीन मुलं होती.

"साहेबांना म्हणावं, झोपाळा हातभर सरकवा," त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या.

"कुठला झोपाळा?" तिरोडकर म्हणाले. झोपाळा सरकारी अंगणात विनापरवाना होता. म्हणजे कागदोपत्री तो नव्हताच.

"मग आपली नळी वाढवून गटारात सोडा."

"बाहेरच्या भिंतीला हात लावायला परवानगी लागते. अर्ज साहेबांकडे. कारण काय लिहू? नसलेल्या झोपाळ्यावर पाणी पडतं म्हणून?"

शेवटी बारकूला बोलावलं. हा मूळचा नंदुरबारकडचा, नरोलीच्या एका कारखान्यात फिटर, सुट्टीच्या दिवशी घरगुती कामं करायचा. त्याने व्हॉल्व्हच्या तोटीवर बोट ठेवलं, थेंब पुसला आणि विचारलं, "बंद करू का चालू ठेवू?"

"तुमचं मत काय?"

"आपलं कसलं मत साहेब? पार्टी बोलेल तसं."

"बंद करा."

बारकूने तोटीत बोल्ट पिळून घट्ट बसवला. हात पुसता पुसता म्हणाला, "आता एवढं करा, बटन टायमावर बंद करा. याचा थर्मोस्टॅट जुना झालाय, कधी चिकटला तर पाणी उकळत राहील. आणि आता वाफेला जायला जागा नाय."

"मग?"

"मग काय, चिकटलाच नाय तर काहीच नाय." तो चहा पिऊन निघून गेला.

थेंब थांबला आणि ऑफिसात तिरोडकरांचे दिवस पालटले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "तमारी फाइल हुं जोई लईश," म्हणाले. घरी मात्र तिरोडकर बाथरूमबाहेरच्या बटणापाशी पहाऱ्याला उभे राहू लागले. दाराआड पोरगी गाणं म्हणायची आणि बाप ते गाणं कधी संपतं याची वाट बघायचा. बोल्ट काढावा असं त्यांना रोज वाटे. सही झाल्यावर काढू, असंही रोजच वाटे.

त्या सकाळी ते दूध आणायला गेले होते. परत येऊन पाहतात तो बटण चालू, बाथरूमचं दार बंद, आणि आतून घशात कफ अडकल्यासारखी घरघर.

त्यांनी बटण बंद केलं आणि दारावर थापा मारल्या. "शीतल, बाहेर ये!"

"केस धुतेय, बाबा!"

"तशीच ये! आत्ता!"

ती अंगाला कपडे गुंडाळून, डोक्यावरच्या साबणासकट बाहेर आली. टाकी अजून गुरगुरत होती. नळ उघडावा की उघडू नये, हे तिरोडकरांना ठाऊक नव्हतं. बारकूला त्यांनी ते विचारलंच नव्हतं. त्यांनी दोघींना पुढच्या जिन्याने खाली पिटाळलं, आणि मग त्यांना मागच्या अंगणातून कड्यांची करकर ऐकू आली.

बाथरूमच्या भिंतीखाली, बरोबर तिथेच, देसाईसाहेब झुलत होते.

तिरोडकर धावत मागे गेले. "साहेब, उठा."

"कां?"

"उठा ना, साहेब. इथे बसू नका."

"तिरोडकर, आ मारी जगा छे." साहेबांनी पायाने जमिनीला रेटा दिला आणि झोपाळा आणखी उंच गेला.

हाताखालच्या माणसाने सांगितलं म्हणून साहेब उठले, असं त्या ऑफिसात आजवर घडलं नव्हतं. तिरोडकरांनी दोन्ही हातांनी साखळी धरली आणि झोपाळा थांबवला. साहेबांच्या कपातला चहा धोतरावर सांडला.

"मी व्हॉल्व्हला बोल्ट मारलाय!" ते ओरडले. "तुमच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून! वर टाकी उकळतेय, फुटेल! उठा!"

साहेब उठले. सगळे लिंबाच्या झाडापर्यंत मागे सरले. शेजारच्या क्वार्टरमधले लोकही खिडक्यांत आले.

काहीच झालं नाही. टाकी थोडा वेळ कण्हली, मग गप्प झाली. देसाईसाहेबांनी सगळ्यांकडे, मग आपल्या धोतराकडे, मग तिरोडकरांकडे पाहिलं आणि ते आत गेले. फुटली असती तर निदान, असा एक विचार तिरोडकरांच्या मनात आला. तो त्यांनी पुरा केला नाही.

टाकी गार झाल्यावर त्यांनी स्वतः बोल्ट काढला. बारकूला बोलावून नवा थर्मोस्टॅट बसवला. व्हॉल्व्हची कळ अधूनमधून उचलून सोडायची म्हणजे क्षाराने जाम होत नाही, हेही त्याने दाखवलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बंद करायला बोलावलं होतं ना, साहेब."

मुदतवाढ मिळाली नाही. सामान बांधत असताना त्यांच्या जागी आलेला नवा क्लार्क क्वार्टर बघायला आला. भला माणूस दिसला. तिरोडकरांनी त्याला व्हॉल्व्ह दाखवला, कळ उचलून दाखवली, थेंब का पडतो ते दोनदा समजावलं. त्याने मान डोलावली. मग तो खाली उतरला, आणि झोपाळ्याच्या करकरीतून साहेबांचा आवाज आला, "उपरनुं गिझर टपके छे, हां."

"नाही टपकणार, साहेब," नवा क्लार्क म्हणाला.

तिरोडकरांनी तो बोल्ट आधीच खिशात घातला होता. पण तसे बोल्ट बाजारात किलोवर मिळत.