अजून थोडा उजळ

"अजून," दादा म्हणाला. "आवाज अजून थोडा उजळ हवा."

ती स्क्रूड्रायव्हर हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. टेबलावर त्याची गिटार पडली होती. तारांखाली आवाज टिपणारे तिन्ही पिकअप तिने बारीक तारांच्या बाजूने इतके वर उचलले होते, की स्क्रूला आणखी अर्धा वेढा दिला असता तर पिकअपमधल्या चुंबकाने तारच ओढून धरली असती आणि सूर डगमगायला लागला असता.

"याहून वर नाही जात, दादा."

"मग आतलं काहीतरी बदल ना. तुझ्यापुढे मी काय सांगणार, छोटे?"

घराच्या पुढच्या खोलीत तिचं हे दुकान होतं. शहरभरचे वाजवणारे बिघडलेल्या गिटारी आणि मुके झालेले अ‍ॅम्प घेऊन यायचे आणि तिला ताई म्हणायचे. छोटी म्हणणारा आता एवढा एकच उरला होता. हे काम ती शिकली तीही त्याच्याचपायी. दादाने पहिली जुनी गिटार आणली तेव्हा ती नुसती घुंघुं करायची. त्याला वाजवायची घाई, उघडून बघायचा धीर नाही. शाळेतून आलेल्या बहिणीने ती खोलली, सुटलेली वायर शोधली आणि शेजारच्या रेडिओवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न मागून आणून टाका दिला. बोट भाजलं ते भाजलंच. "आता मी वाजवणार आणि तू सांभाळणार," तिच्या बोटावर फुंकर घालत दादा म्हणाला होता. पुढे तो एका रेस्टॉरंटच्या बँडमध्ये लागला, तिचं लग्न झालं, दोघांचेही केस पांढरे झाले, पण हा करार काही मोडला नाही.

मात्र अलीकडे त्याच्या खेपा वाढल्या होत्या. गिटार दबल्यासारखी येते, तोंडावर उशी ठेवून कुणी बोलावं तशी येते, असं त्याचं म्हणणं. तिने तारा बदलल्या. आधीचे नॉब काढून बारीक आवाज जास्त सोडणारे बसवले. आज तर तिने आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या टोनच्या नॉबची वायरच कापून टाकली. आता पिकअपमधून निघालेला आवाज वाटेत कुठेही न अडता थेट बाहेर पडणार होता. याच्यापुढे कापायला आत काही शिल्लक नव्हतं.

तिने गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि आवाज वाढवला.

अ‍ॅम्पने शीळ घातली. सुईसारखी बारीक, कानातून शिरून दातांपर्यंत पोचणारी शीळ. आतल्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, बंद कर ते आधी!"

दादा स्टुलावर बसून गिटारच्या पट्ट्याचं बक्कल नीट करत होता. त्याने शांतपणे वर बघितलं.

"चालू कर ना," तो म्हणाला.

तिने नॉब फिरवून शीळ थांबवली, गिटार त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "केलाय."

त्याने थोडं वाजवून पाहिलं. तिला कान झाकून घ्यावेसे वाटले. "बरा आहे आता," दादा म्हणाला. "किंचित दबलेला आहे, पण चालेल." तिने गिटारच्या खोक्याची कडी लावून दिली.

पुढच्याच आठवड्यात ड्रमवाला आला. बँड त्याचा होता, दादाबरोबर उभा जन्म काढलेला माणूस. खुर्चीवर बसला तो टेकूनसुद्धा बसला नाही.

"ताई, राग मानू नका. पण त्याची गिटार हल्ली कानात घुसते हो. परवा एक बाई जेवण टाकून उठल्या. रेस्टॉरंटचे मालक मला बोलतात. त्याला सांगितलं तर म्हणतो, तुमचेच कान नाजूक झालेत."

"मग मी काय करू?"

"आतून काहीतरी करा. त्याला कळू न देता."

करणं अवघड नव्हतं. एक कपॅसिटर आत दडवला की आवाजाची सगळी धार तोच पिऊन टाकतो. दादा तारा बदलायला आला तेव्हा तो चहा घेत आत तिच्या नवऱ्याशी गप्पा मारत बसला होता. तेवढ्यात तिने काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात.

"काल मी नुसता हवेत हात मारत होतो. एक सूर ऐकू आला नाही मला. तू काय केलंस, छोटे?"

तिने सांगितलं. कपॅसिटरचं सांगितलं, ड्रमवाल्याचंही सांगितलं.

"तुम्ही सगळे मिळून मला..." त्याचा आवाज चढला. "अगं, तू तरी!"

"दादा, त्या दिवशी अ‍ॅम्पने शिट्टी मारून घर डोक्यावर घेतलं होतं. तू माझ्यासमोर बसला होतास. मला म्हणालास, चालू कर."

"कुठली शिट्टी?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूहळू स्टुलावर बसला आणि गिटारचं खोकं मांडीवर घेतलं.

"मला वाटायचं, हल्ली तारा चांगल्या येत नाहीत," तो म्हणाला. गिऱ्हाईकं विचारतात तसंच त्याने विचारलं, "होईल ना गं दुरुस्त?"

होईल की, असं ती प्रत्येकाला म्हणत आली होती.

"गिटारीत काही बिघाडच नाही रे," ती म्हणाली.

वहिनी आणि ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. उंच, बारीक आवाज ऐकू येणं गेलंय, ते परत येणार नाही, आहे ते जपा, असं डॉक्टर म्हणाले. ऐकायचं यंत्र मिळालं. बोलणं बरं ऐकू यायला लागलं. "हिची कुरकुरसुद्धा येते आता. तेवढी एक सोय होती, तीही गेली," असं म्हणून त्याने वहिनीला हसवलं. पण यंत्रातून गिटार म्हणजे पत्र्यावर खडे. वाजवायला बसला की तो ते काढून खिशात टाकायचा.

मग एक दिवस तो वहिनीची नेलपॉलिशची बाटली घेऊन आला.

"तो कपॅसिटर काढ. टोनचा नॉब पहिल्यासारखा जोडून दे. आणि लोकांना सोसेल तिथे ठिपका लाव. तू कानाने ठरव, मी डोळ्याने वाजवीन."

तिने तारेवर बोट मारत मारत नॉब फिरवला, आवाज गोड लागला तिथे थांबली आणि लाल ठिपका लावला. दादाने चष्मा वर करून तो निरखला.

"म्हणजे इथपर्यंत लोकांचं," तो म्हणाला, "आणि पुढचं माझं."

रविवारी दुपारच्या कार्यक्रमाला ती रेस्टॉरंटमध्ये जाऊन भिंतीकडच्या टेबलाशी बसली. दादाने ठिपका बघून नॉब लावला आणि ड्रमवाल्याच्या पायावर नजर ठेवून सुरुवात केली. दिवे गेल्यावर माणूस आपल्या घरात सवयीने वावरतो तशी त्याची बोटं चालली होती. कुठे अडखळलीच तर ते तिला आणि ड्रमवाल्यालाच कळत होतं. आवाज उबदार, गोल येत होता. लोक जेवता जेवता माना डोलावत होते. दरवेळी गाणं संपलं की दादा तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची.

मधल्या सुट्टीत ड्रमवाला तिच्याजवळ आला.

"मालकांनी दुसरा गिटारवाला बघितलाय, ताई. पुढच्या आठवड्यापासून. आज संपलं की सांगतो त्याला."

"अहो, पण आता तर किती छान वाजतंय."

"छानच वाजतंय. मी सांगून बघितलं. पण त्यांनी आधीच शब्द दिलाय."

तो रुमालाने हात पुसत उभा राहिला. पलीकडे दादा पाणी पीत होता. तिच्याकडे बघून त्याने हात वर केला.

शेवटचं गाणं दादाने तरुणपणी स्वतः बांधलेलं होतं. त्यात मधे एक लांब जागा येते, जिथे बाकीचे हळू होतात आणि एकटी गिटार बोलते. ती जागा आली तेव्हा दादाचा हात नॉबवर गेला. बोटं ठिपक्याशी क्षणभर थबकली आणि मग नॉब पार शेवटापर्यंत फिरला.

सुऱ्या उपसल्यासारखा आवाज खोलीभर पसरला. जवळच्या टेबलावरच्या बाईने कानावर हात ठेवला. काउंटरवरून मालक उठून उभे राहिले. ड्रमवाल्याने तिच्याकडे बघितलं. तिने नुसती खूण केली असती तरी दादाने नॉब मागे घेतला असता. तो तिच्याचकडे बघत होता. ओठ जरासे विलगलेले, भुवया वर चढलेल्या, लांबून कुणी हाक मारतंय का ते ऐकणाऱ्या माणसासारखा.

तिचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

ड्रमवाल्याने मालकांकडे पाठ वळवली, वाजवायचं थांबवून दोन्ही काठ्या वर उचलल्या आणि दादाचं वाजवून होईपर्यंत तशाच धरून ठेवल्या.