डाव्या हाताचं जांभळं प्लास्टर

मी एक जुनं प्लास्टर आहे. भिंतीचं नव्हे, हाताचं. हसू नका मित्रांनो, भिंतीच्या प्लास्टरवर सह्या घेऊन कुणी त्याला शाळाभर मिरवत नाही. मला मिरवलंय.

माझा जन्म मिशिगनमधल्या हॅनकॉक गावच्या इस्पितळात झाला. कायसा नावाची नऊ वर्षांची मुलगी बर्फावर उलटं स्केटिंग करून दाखवत होती, आणि दाखवता दाखवताच आपटली. डावं मनगट मोडलं. तिथल्या बाईंनी ओल्या जांभळ्या पट्ट्या तिच्या हाताला गुंडाळल्या, आणि मी घट्ट होऊ लागलो तसा गरमही झालो. आमच्या जातीचा तो स्वभावच आहे. कायसा रडायची थांबली. "आई, हे मला मिठी मारतंय," ती म्हणाली. जन्मल्या जन्मल्या असं कौतुक किती जणांच्या वाट्याला येतं, सांगा बरं!

माझ्यावर पहिली सही झाली ती इस्पितळाबाहेर, गाडीत. ती कायसाच्या आजोबांची, आर्व्होंची. ती त्यांना उक्की म्हणते, फिनिश भाषेत आजोबा. उक्की म्हणजे जन्मभराचे सुतार. प्रत्येक कपाटाच्या पाठीवर ते स्वतःचं नाव आणि तारीख घालणार, वर्षासकट. त्यांनी खिशातून जाड मार्कर काढला आणि तेच माझ्यावर केलं.

"उक्की, पण हे तू थोडंच बनवलंस?" कायसा म्हणाली.

"हात जिचा आहे तिच्या आईला मी बनवलंय. चालतं तेवढं."

पुढचे दिवस माझ्या वैभवाचे होते. वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या. एकाने तर ठळक अक्षरांत सल्ला लिहिला, "पुढच्या वेळी हळू पड." मी पावाचे तुकडे झेलले, बर्फाचे गोळे अडवले, आणि हाड जुळेपर्यंत एकदाही ढिला पडलो नाही. मग एका दिवशी करवत आली. मला उभं चिरलं, आणि आतून एक पांढरा, बारीक, लाजरा हात बाहेर आला.

"शी, किती वास येतोय! मी फेकते हे," कायसाची आई मार्नी म्हणाली.

"माझं आहे ते," म्हणत कायसाने मला स्केटच्या पिशवीत कोंबलं. तिथेच मी तीन वर्षं राहिलो. सोबतीला एक एकटा मोजा. तो बोलत नसे. मधल्या काळात घर बदललं, आम्ही एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आलो, तरी मला कुणी पिशवीतून काढलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग उक्कींचा खुबा दुखायला लागला. तीन जिने चढताना ते दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसत. वर म्हणत, "दमलो नाहीये, शेजाऱ्यांची चौकशी करतोय." हळूहळू ते खाली उतरायचेच बंद झाले. म्हणून मार्नी तळमजल्याचं घर शोधत होती. मिसेस बर्ट्रांड यांचं एक छोटं घर मिळण्यासारखं होतं. एकही पायरी नाही, मागे सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, लाकडी खोली. ते पाहायला उक्की एकदाचे जिने उतरले, आणि सौनाच्या दाराची चौकट बोटांनी चाचपत राहिले. त्यांना एखादी गोष्ट फार आवडली की ते असंच करतात.

एका संध्याकाळी मिसेस बर्ट्रांड स्वतः जिने चढून आल्या. घर भाड्याने देण्याआधी त्या समोरच्या माणसाचा पतअहवाल मागवत, म्हणजे कुणाचं काय देणं थकलंय याचा कागद. माझी पिशवी ज्या कपाटात होती ते स्वयंपाकघराला लागूनच होतं, सगळं ऐकू आलं.

"मार्नी, तू बाई चांगली आहेस. पण ही एक ओळ बघ. दोनशे एकोणऐंशी डॉलर, वसुली कंपनीकडे गेलेले."

"ही कंपनी कोण? मी तर नावही ऐकलं नाही."

"आजारपणाचं देणं असतं तर मी बघून न बघितल्यासारखं केलं असतं. माझा नवरा चार वर्षं अंथरुणावर होता, मला कळतं ते. पण वस्तू घेऊन पैसे बुडवणारी माणसं मला नकोत, एकदा हात पोळलेत. शुक्रवारपर्यंत सांग. दुसरे लोक विचारून गेलेत."

मित्रांनो, या कागदाची एक गंमत आहे. उपचारांचं देणं असलं तरी त्यावर इस्पितळाचं किंवा डॉक्टरचं नाव दिसू देत नाहीत. कुणाला काय दुखणं आहे हे परक्याला कळू नये म्हणून. मला तर हे फार आवडतं. नावाऐवजी फक्त एक छोटीशी खूण असते, की हे देणं आजारपणाचं आहे. आमच्या ओळीत त्या खुणेच्या जागी "इतर" असं लिहिलेलं होतं.

त्या गेल्यावर मार्नीने कपाळावर हात मारला. "तो सोफा. दुकानाला परत केला होता ना, त्यांनीच हे लावलंय."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, तो सोफा परत येणार," उक्की म्हणाले.

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसा हो."

सोफ्याची पावती शोधायला तिने अख्खं कपाट उपसलं. स्केटची पिशवी पडली, आणि मी घरंगळत थेट उक्कींच्या पायाशी गेलो.

"अरे देवा, हे अजून आहे?" मार्नीने नाक धरलं.

कायसाने मला उचललं. बारा वर्षांची झाली होती, आता तिचा हात माझ्यात मावलाच नसता. तिने उक्कींची सही वाचली, आणि थबकली.

"आई, त्या ओळीतली तारीख पुन्हा वाच ना."

मार्नीने वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचली. दोन्हीकडे अकरा फेब्रुवारी, वर्षही तेच.

"पण इस्पितळाचे पैसे मी तेव्हाच भरले होते," ती हळूच म्हणाली.

भरलेच होते. सकाळी तिने इस्पितळाला फोन केला तेव्हा सगळं उलगडलं. कायसाच्या हाडाचा फोटो वाचणारे डॉक्टर दुसऱ्याच गावी बसले होते. त्यांना तिनेही पाहिलं नव्हतं, मीही नाही. त्यांचं बिल वेगळं, ते जुन्या पत्त्यावर गेलं, आणि तिथून वसुलीवाल्यांकडे. वाटेत कुणीतरी खूण लावायची विसरलं. फोनवरच्या बाईंनी आणखी एक सांगितलं. पाचशे डॉलरच्या आतलं आजारपणाचं देणं त्या कागदावर दाखवतच नाहीत. खूण असती तर ती ओळ तिथे आलीच नसती. अहवालवाल्यांकडे तक्रार करा, पण निकालाला महिनाभर लागेल, असं त्या म्हणाल्या. शुक्रवार तर दुसऱ्या दिवशी होता.

म्हणून इस्पितळाने त्याच दिवशी दिलेलं खुलाशाचं पत्र, मी आणि कायसा, असे सगळे मार्नीबरोबर मिसेस बर्ट्रांड यांच्या स्वयंपाकघरात जाऊन थडकलो. त्यांनी मला टेबलावर ठेवून घेतलं, अगदी पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या तिकडच्या करंजीच्या, ताटलीशेजारी.

"देणं खरं आहे, आणि ते मी फेडणार आहे," मार्नी म्हणाली. "पण ते कुठल्या वस्तूचं नाही. ते याचं आहे," म्हणत तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मिसेस बर्ट्रांड यांनी चष्मा लावला. मला फिरवून फिरवून वाचलं. "हळू पड" वाचून हसल्या. उक्कींच्या तारखेवर बोट ठेवून ती आपल्याकडच्या अहवालातल्या तारखेशी ताडून पाहिली. इस्पितळाचं पत्र त्यांनी उघडलंही नाही.

"कोणता हात गं?" त्यांनी कायसाला विचारलं.

कायसाने डावा हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाशी धरला, जिथे मी असायचो नेमका तिथेच.

"थंडीत दुखतो?"

"थोडासा."

"माझं घर उबदार आहे," त्या म्हणाल्या, आणि किल्ली आणायला उठल्या.

काही आठवड्यांनी ती ओळ कागदावरून गेली. मी मात्र राहिलो. आता मी नव्या घराच्या खिडकीत बसतो, आणि उक्की रोज स्वतःच्या पायांनी सौनाकडे जाताना मला टिचकी मारतात.

मित्रांनो, मला जपून ठेवा असा माझा हट्ट नाही. वास खरंच येतो. एवढंच मागतो, की कुणाच्या नावापुढे एखादी थकलेली ओळ दिसली, तर लगेच तोंड फिरवू नका. आधी विचारा, कोणता हात?